गाळलेला ‘मी’ : ‘आउट ऑफ स्टेप’ आणि नियमाचा प्रश्न

या मालेत आपण दर वेळी एखादी लहानशी वस्तू घेतो आणि तिच्या इतिहासातून एखाद्या जुन्या प्रश्नाकडे जातो. आजची वस्तू म्हणजे बारा इंची एक तबकडी. नऊ गाणी, आणि सगळी मिळून एकवीस-बावीस मिनिटं. आपल्याकडे एवढ्या वेळात बड्या ख्यालाची बढतही पुरी होत नाही. वॉशिंग्टन शहरातल्या ‘मायनर थ्रेट’ नावाच्या हार्डकोर पंक बँडने ती जानेवारी १९८३ मध्ये मुद्रित केली आणि एप्रिलमध्ये ती बाहेर आली. तिचं नाव ‘आउट ऑफ स्टेप’. कवायतीत सगळ्यांचं पाऊल एका तालात पडत असताना ज्याचं पाऊल वेगळं पडतं, त्याला इंग्रजीत असं म्हणतात. या बँडची स्टुडिओत केलेली पूर्ण ध्वनिमुद्रिका ही एवढीच. आधीच्या दोन तबकड्या छोट्या होत्या, आणि याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला.

आता तुम्ही म्हणाल, विशीच्या आसपासच्या पाच मुलांनी एका घराच्या तळघरात केलेल्या या गोंगाटाकडे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी कशाला वळावं? आमच्या पिढीच्या कानांना हे संगीत पहिल्या भेटीत मानवणारं नाही, हे खरंच आहे. पण या बँडमध्ये एका सर्वनामावरून वाद झाला. गाण्यातून गाळलेल्या ‘मी’ या एका शब्दावरून. आणि तो वाद नीतिशास्त्रातल्या एका मूळ प्रश्नाचा आहे : मी स्वतःपुरतं जे ठरवलं, ते मोठ्याने सांगितल्याबरोबर इतरांवरचा हुकूम होतं का? आणि होत असेल, तर त्याला जबाबदार कोण, सांगणारा की ऐकणारा? आजचं व्याख्यान या प्रश्नाभोवतीच आहे. मात्र तिथे पोहोचायला आधी थोडा इतिहास हवा.

शहर आणि संगीत

पंक म्हणजे १९७५ ते ७७ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेलं रॉक संगीत. तेव्हाचं रॉक फार लांबलचक, खर्चिक आणि उस्तादीचं झालं होतं, त्याच्याविरुद्धचं हे बंड. दोन-तीन कॉर्ड येत असतील तर उभे राहा आणि वाजवा, असा एकूण पवित्रा. हार्डकोर ही त्याची अमेरिकेतली धाकटी पाती. ती आणखी वेगवान, आणखी आखूड, आणि गाण्यापेक्षा ओरडण्याच्या जवळची. कॅलिफोर्नियात ‘ब्लॅक फ्लॅग’ आणि ‘डेड केनेडीज’, वॉशिंग्टनमध्ये ‘बॅड ब्रेन्स’, ही त्यातली सुरुवातीची ठळक नावं.

यातल्या ‘बॅड ब्रेन्स’बद्दल दोन वाक्यं बोललंच पाहिजे. हे कृष्णवर्णीय वादक. पंककडे वळण्याआधी ते जॅझ-फ्यूजन वाजवत. म्हणजे हात तयार होते. त्यामुळे त्यांच्या वेगाला एक नेमकेपणा होता, आणि वॉशिंग्टनच्या गोऱ्या शाळकरी पोरांनी वेग आणि शिस्त एकत्र कशी नांदते हे त्यांच्याकडून शिकून घेतलं.

ही शाळकरी पोरं कोण? इयान मॅकाय आणि जेफ नेल्सन हे दोघे वूड्रो विल्सन हायस्कूलमधले. मॅकायचे वडील ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात धर्मविषयक लेखन करणारे पत्रकार होते. लाइल प्रेस्लर आणि ब्रायन बेकर जॉर्जटाउन डे स्कूल या खासगी शाळेतले. म्हणजे ही उपाशी, बेघर मुलं नव्हेत. सुशिक्षित घरांतली, वाचणारी, वाद घालणारी मुलं. सत्ताकेंद्राच्या शहरात राहत होती, पण सत्तेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची अडचण अगदी साधी होती. त्यांना गाणं ऐकायचं होतं आणि दारात अडवलं जात होतं.

का अडवलं जात होतं? रॉकचे कार्यक्रम बहुतेक बारमध्ये होत. तिकिटापेक्षा दारूच्या विक्रीवर मालकाचा खर्च निघे. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा अठरा पूर्ण झाल्यावर बिअर आणि वाइन मिळत असे. सोळा-सतरा वर्षांचं पोर आत आलं तर ते एक तर पिणार नाही, म्हणजे धंदा नाही. किंवा चोरून पिणार, म्हणजे परवाना धोक्यात. म्हणून दारातूनच परत पाठवणं मालकाला सोयीचं. संगीत आणि दारू यांची अशी गाठ मारलेली होती, की दारू नको असलेल्याला संगीतही मिळू नये.

हातावरची फुली

मॅकाय आणि नेल्सन यांचा आधीचा बँड ‘टीन आयडल्स’. १९८० च्या उन्हाळ्यात ही मुलं बसने देश ओलांडून कॅलिफोर्नियाला गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मबुहाय गार्डन्स’ या क्लबात त्यांना आत सोडलं, पण एका अटीवर. प्रत्येकाच्या हाताच्या पाठीवर काळ्या शाईने मोठी फुली मारली. फुली दिसली की बारवाल्याने दारू द्यायची नाही. इतका साधा उपाय. परत आल्यावर मुलांनी तोच तोडगा वॉशिंग्टनच्या ‘नाइन थर्टी’ क्लबाला सुचवला : आमच्या हातावर फुली मारा, आम्ही पिणार नाही, पण आत येऊ द्या. तो मान्य झाला.

इथे जरा थांबून पाहा. फुली हे चिन्ह मुळात कोणाचं? व्यवस्थापकाचं. गुरांना डाग द्यावा तसा तो मनाईचा शिक्का आहे. पण ‘टीन आयडल्स’च्या तबकडीच्या वेष्टनावर फुल्या मारलेल्या दोन मुठी एकमेकींवर ठेवलेलं छायाचित्र आलं, आणि त्या चिन्हाचा मालक बदलला. ‘याला देऊ नका’ असं दुसऱ्याने लिहिलेलं होतं, त्याचं ‘मला नको’ असं झालं. पुढे तर पिण्याचं कायदेशीर वय उलटून गेलेले लोकही आपल्या हाताने फुली काढू लागले. वर्ज्य तेच, चिन्ह तेच. फक्त ते कोणाच्या हातून उमटलं एवढा फरक. नीतीच्या दृष्टीने सगळा फरक तोच आहे.

सहाशे डॉलर आणि कात्री

‘टीन आयडल्स’ १९८० च्या अखेरीस मोडला तेव्हा डब्यात सुमारे सहाशे डॉलर जमले होते. वाटून घ्यायचे की तबकडी काढायची? मुलांनी तबकडी काढली आणि त्यासाठी ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ हे नाव घेतलं. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. वेष्टन कसं बनतं हे कोणालाच माहीत नव्हतं. मग एक तयार वेष्टन उलगडून सपाट केलं, त्याचा छाप काढला, छापून आणलं आणि घरी बसून कात्री-गोंदाने एकेक वेष्टन कापलं, दुमडलं, चिकटवलं.

पुढे या संस्थेचा एक दंडक पडला : फक्त वॉशिंग्टन परिसरातले बँड, किंमत शक्य तितकी कमी, आणि बँडशी लेखी करार नाही. संगीताच्या व्यवसायात ही गोष्ट वेडगळ वाटावी अशी. पण ती संस्था चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. ‘करार का नाही?’ या प्रश्नात आपल्या मूळ प्रश्नाचंच बीज आहे. करार म्हणजे दुसऱ्याला बांधणं. तिथे भिस्त होती ती दिलेल्या शब्दावर, म्हणजे स्वतःला बांधून घेण्यावर.

सर्वनामाचा वाद

‘मायनर थ्रेट’ १९८० च्या शेवटी उभा राहिला : मॅकाय गायला, नेल्सन ड्रमवर, प्रेस्लर गिटारवर, बेकर बेसवर. १९८१ च्या मध्यावर पहिली छोटी तबकडी आली. तिच्यात ‘स्ट्रेट एज’ नावाचं शेहेचाळीस सेकंदांचं गाणं होतं. शेहेचाळीस सेकंद! गोषवारा एवढाच : मीही तुमच्यासारखाच एक, पण नशेत पडून राहण्यापेक्षा मला करण्यासारखं बरंच काही आहे, आणि शुद्धीत असणं हीच माझी जमेची बाजू. या गाण्याच्या नावावरून पुढे एका जगभर पसरलेल्या चळवळीला नाव मिळालं. एका मिनिटाच्या आतल्या मजकुरावर एवढी इमारत क्वचितच उभी राहिली असेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरी छोटी तबकडी आली आणि तिच्यात ‘आउट ऑफ स्टेप’ हे गाणं पहिल्यांदा आलं. त्यात तीन गोष्टींची यादी आहे : धूम्रपान, मद्यपान आणि शरीरसंबंध. तिसऱ्याबद्दल मॅकायने पुढे अनेकदा खुलासा केला, की रोख शरीरसंबंधावर नसून त्याची शिकार मोजत हिंडण्याच्या वृत्तीवर होता. असो. तिन्ही गोष्टी नकारार्थी क्रियापदांत सांगितल्या आहेत आणि कर्ता गाळलेला आहे.

आता इंग्रजी व्याकरणाची गंमत बघा. मराठीत ‘पीत नाही’ आणि ‘पिऊ नकोस’ ही दोन स्वतंत्र रूपं आहेत. कर्ता गाळला तरी क्रियापदच बोलून जातं की हे निवेदन आहे की आज्ञा. इंग्रजीत तसं होत नाही. तिथे ‘मी’ काढून टाकला की निवेदन आणि आज्ञा यांचं रूप अगदी एकच उरतं. म्हणजे हे गाणं मराठीत झालं असतं, तर वाद उभाच राहिला नसता! गायकाला म्हणायचं होतं ‘मी पीत नाही’. ‘मी’ गाळला तो तालासाठी, कारण तो शब्द त्या ओळीच्या ठेक्यात नीट बसत नव्हता. आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिरलं ‘पिऊ नकोस’.

हे पहिल्यांदा खुपलं ते बँडमधल्यांनाच. विशेषतः ड्रमर जेफ नेल्सनला. हा मॅकायचा शाळेपासूनचा मित्र, डिस्कॉर्डमधला भागीदार. त्याचं म्हणणं असं, की हे हुकूमशहासारखं वाटतं. आपण चौघे मंचावर उभे आहोत, आणि तू आमच्या सगळ्यांच्या तोंडून लोकांना फर्मानं सोडतो आहेस. हा आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे उत्तर त्याला पुरत नाही. अर्थ वक्त्याच्या मनात राहत नाही. तो वाक्याच्या रूपात आणि ऐकणाऱ्याच्या परिस्थितीत घडतो. समोर शंभर उत्तेजित पोरं आणि हातात माईक असलेला माणूस. तिथे कर्ता गाळलेलं नकारार्थी क्रियापद आज्ञा म्हणूनच ऐकू जाणार.

एकवीस मिनिटं

मधल्या काळात बँड एकदा मोडला. १९८१ च्या शरद ऋतूत प्रेस्लर शिकायला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेला. १९८२ मध्ये तो परतला आणि मंडळी पुन्हा एकत्र आली. मग स्टीव्ह हॅन्सगेन बेसवर आला आणि बेकर दुसऱ्या गिटारवर गेला. ‘आउट ऑफ स्टेप’चा आवाज आधीपेक्षा भरीव लागतो तो या दुसऱ्या गिटारमुळे. मुद्रण झालं व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन गावी, डॉन झिएंटारा यांच्या ‘इनर इयर’ स्टुडिओत. हा स्टुडिओ त्यांच्या राहत्या घराच्या तळघरात होता.

ज्यांनी या ध्वनिमुद्रिकेविषयी फक्त ऐकलं आहे, त्यांची समजूत असते की नऊच्या नऊ गाणी दारूबंदीची असतील. तसं मुळीच नाही. बहुतेक गाणी मैत्रीबद्दल आहेत, म्हणजे मैत्री तुटण्याबद्दल. पहिल्याच गाण्याचं नाव ‘बिट्रे’, विश्वासघात. ‘लुक बॅक अँड लाफ’मध्ये भांडणाऱ्या मित्रांना उद्देशून साधारण असा सूर आहे, की एक दिवस मागे वळून यावर हसता येईल का? ‘सॉब स्टोरी’ हे सतत रडगाणं गाणाऱ्यावर. शेवटचं गाणं ‘कॅशिंग इन’ वेष्टनावर छापलेलंच नाही. बँड पुन्हा एकत्र आला तो पैशासाठी, असा आरोप होत होता. त्याला हे खवचट उत्तर आहे : हो, हो, पैशासाठीच आलो! दोन वर्षांत शहरातली ही छोटी मंडळी वाढली, फुटली, एकमेकांवर संशय घेऊ लागली, आणि त्या पडझडीचं हे रोजनिशीसारखं टिपण आहे. ज्याला ‘चळवळीचा जाहीरनामा’ म्हणतात, ते ऐकताना असं लक्षात येतं की ही चळवळ म्हणजे तेव्हा फार तर एका गल्लीत मावणारी मित्रमंडळी होती.

मुखपृष्ठ सिंथिया कॉनोली हिने काढलं. पांढऱ्या मेंढ्यांचा कळप एका दिशेला चालला आहे आणि एक काळी मेंढी उड्या मारत दुसरीकडे निघाली आहे. लहान मुलाच्या चित्रवहीत शोभावं असं, हलकंफुलकं. ती काळी मेंढी चिडलेली नाही, कोणाला हाका मारत नाही, की माझ्या मागे या म्हणत नाही. तिला वेगळीकडे जायचं आहे, एवढंच. हे चित्र डोक्यात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून पुढे जाऊ. ही तबकडी अपेक्षेपेक्षा जास्त खपली आणि त्यामुळेच डिस्कॉर्ड अडचणीत आली. छापखान्याला पैसे आधी द्यायचे आणि वितरकांकडून ते यायला महिनोन्महिने. मागणी जितकी जास्त तितका खिसा रिकामा. शेवटी लंडनच्या ‘सदर्न’ स्टुडिओचे जॉन लोडर यांनी छपाईचा आर्थिक भार उचलण्याची व्यवस्था केली आणि गाडं चालू राहिलं. स्वायत्तता कितीही प्रिय असली, तरी तिला कोणाचा तरी हात लागतो.

गाणं थांबवून दिलेलं उत्तर

आता नेल्सनच्या आक्षेपाचं काय झालं ते पाहू. शीर्षकगीत या ध्वनिमुद्रिकेसाठी पुन्हा मुद्रित केलं गेलं, आणि या वेळी मधल्या जागेत मॅकाय गाणं सोडून बोलू लागतो. बोलण्याचा आशय असा : हे नियम नाहीत. काय करायचं ते मी तुम्हाला सांगत नाही. जगाला फार महत्त्वाच्या वाटणाऱ्या काही गोष्टी मला तितक्या महत्त्वाच्या वाटत नाहीत, आणि त्यामुळे मला जगाच्या चालीने चालता येत नाही. उदाहरणं देताना तो गोल्फचाही उल्लेख करतो. हा गोल्फ अगदी मार्मिक आहे. गोल्फ खेळणं पाप आहे असं कोणीच म्हणत नाही. म्हणजे यादी पाप-पुण्याची नाहीच. मला कशात रस नाही, एवढंच सांगणारी ती आहे.

याच सुमाराला, याच शहरात, काही मैलांवर दुसरा एक नकार घडत होता. अध्यक्षपत्नी नॅन्सी रेगन यांनी मुलांसाठी अमली पदार्थांविरुद्धची मोहीम सुरू केली होती. तिचं घोषवाक्य होतं ‘सरळ नाही म्हणा’. व्याकरण बघा : शुद्ध आज्ञार्थ. आणि १९८४ मध्ये केंद्र सरकारने कायदा केला, की जी राज्यं मद्य खरेदीचं किमान वय एकवीस करणार नाहीत त्यांचा महामार्गांसाठीचा निधी कापला जाईल. आज्ञा आली, मग पैशाचा बडगा आला. दोन्ही नकारांचा विषय जवळपास एकच. म्हणून पुष्कळ लोकांनी त्यांना एकाच माळेत ओवलं आणि ‘मायनर थ्रेट’ला रेगनच्या काळातले सोवळे म्हणून मोडीत काढलं. पण एक नकार ‘मी’पासून सुरू होतो आणि दुसरा ‘तू’पासून. हा फरक पुसला, तर नीती आणि पोलीसखातं यांतला फरकही पुसतो.

इथे आम्हाला कांट आठवतो. त्याच्या १७९७ च्या ‘मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स’मध्ये एक विलक्षण भेद केलेला आहे. तो म्हणतो, दोन साध्यं अशी आहेत की जी कर्तव्यंही आहेत : स्वतःची पूर्णता आणि इतरांचं सुख. उलटं करून चालत नाही. दुसऱ्याची पूर्णता हे माझं कर्तव्य होऊ शकत नाही, कारण माणसाची पूर्णता म्हणजे स्वतःची साध्यं स्वतः ठरवण्याची त्याची शक्ती, आणि ती मी त्याच्यासाठी वापरू शकत नाही. मी तुम्हाला जबरदस्तीने दारू सोडायला लावू शकेन. पण तुमचा संयम मी करू शकत नाही. आपल्या भाषेत ‘व्रत’ आणि ‘नियम’ हे शब्द पुष्कळदा जोडीने येतात, पण व्रत घ्यावं लागतं आणि नियम लावता येतो. व्रत दुसऱ्यावर लादलं की ते शिक्षा होतं.

आता याच्या विरुद्ध बाजूने बोलायला हवं, नाहीतर हे व्याख्यान गुणगान होईल. पहिला आक्षेप : गाण्यात पुढे असं सुचवलेलं आहे की या गोष्टी टाळल्यामुळे निदान माझी विचारशक्ती तरी शाबूत आहे. म्हणजे इतरांची नाही? ‘मी’ घातला तरी तुच्छता उरतेच. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. स्वतःच्या निवडीचं समर्थन करताना इतरांच्या निवडीवर शेरा न मारणं फार कठीण असतं, विशीत तर जवळजवळ अशक्य. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. या मैफलींत श्रोते माईक ओढून घेऊन गाण्याच्या ओळी एकत्र ओरडत. शंभर जणांनी मिळून ‘मी’ म्हटलं की तो ‘मी’ राहतो का? त्याचा ‘आम्ही’ होतो. आणि ‘आम्ही’ झाला की कुंपण आलं, दार आलं, दारावरचा पहारेकरी आला. म्हणजे ज्या क्लबाच्या दारापासून आपण सुरुवात केली, तेच दार आता या मुलांनी बांधलेलं.

कळपातली काळी मेंढी

आणि झालंही तसंच. बॉस्टनमध्ये ‘एसएस डिकंट्रोल’ या बँडभोवती जमलेली टोळकी कार्यक्रमांत लोकांच्या हातातले पेले उडवून लावण्यासाठी ओळखली जाऊ लागली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क परिसरातल्या ‘यूथ ऑफ टुडे’ने फुलीला गणवेशाचं रूप दिलं आणि यादीत मांसाहारत्यागाची भर घातली. त्यांचा गायक रे कॅपो पुढे हरे कृष्ण पंथाकडे वळला आणि त्याने ‘शेल्टर’ हा बँड काढला. तिथे यादीला धर्माचं अधिष्ठान मिळालं. १९९० च्या दशकात ‘हार्डलाइन’सारख्या गटांनी तर पोथीच तयार केली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सॉल्ट लेक सिटीत या नावाखाली मारामाऱ्या झाल्या आणि पोलिसांनी स्ट्रेट एजची गणना टोळ्यांमध्ये केली.

सॉल्ट लेक सिटीचं उदाहरण विचार करायला लावतं. ते मॉर्मन पंथाचं शहर. मद्य आणि तंबाखू वर्ज्य असणं हीच तिथल्या बहुसंख्याकांची रीत. म्हणजे तिथे न पिणाऱ्याचं पाऊल समाजाच्या पावलाशी जुळतच होतं! शब्द तेच, फुली तीच. पण ‘आउट ऑफ स्टेप’ या शब्दांत जो एकटेपणा होता, तो तिथे नव्हता. नियमाचा आशय जसाच्या तसा राहून त्याचा नैतिक अर्थ उलटा होऊ शकतो, तो असा.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्यांच्या घरात दारूने धुमाकूळ घातला होता, ज्यांना मित्रमंडळात ‘घे रे एक’ या आग्रहापुढे मान तुकवावी लागत होती, अशा असंख्य मुलांना या गाण्याने उभं राहायला जागा दिली. ‘नको’ म्हणणारा मी एकटा नाही, हे कळणं काही लहान गोष्ट नव्हे. एकट्याला टिकून राहायला ‘आम्ही’ लागतो, आणि ‘आम्ही’ झाल्यावर त्यातला ‘मी’ धोक्यात येतो. या पेचातून सरळ सुटका नाही.

पाच डॉलरचं पाकीट

मॅकायने आयुष्यभर एकच उत्तर दिलं : मी चळवळ सुरू केली नाही, मी एक गाणं लिहिलं. हे उत्तर पळवाट वाटू शकतं. पण तो पुढे कसा वागला ते पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं.

१९८७ मध्ये त्याने इतर सोबत्यांसह ‘फुगाझी’ हा बँड सुरू केला. तिकीट साधारण पाच डॉलर ठेवायचं, आणि सगळ्या वयांच्या लोकांना प्रवेश द्यायचा. सतरा वर्षांच्या मुलाला दारात अडवलं जातं या जुन्या अन्यायाला हे सरळ उत्तर होतं. कोण पितं, कोण ओढतं याची चौकशी मंचावरून झाली नाही. पण एक गोष्ट खपवून घेतली जात नसे : गर्दीत नाचाच्या नावाखाली इतरांना तुडवणं, धक्के-गुद्दे मारणं. तसं कोणी करताना दिसलं, की गाणं थांबे. आधी सौजन्याने सांगणं होई. नाही ऐकलं, तर पाच डॉलर घातलेलं पाकीट त्याच्या हातात देऊन त्याला बाहेर जायला सांगत. पैसे परत, आता निघा. स्वतः मॅकाय किशोरवयात मारामाऱ्यांत उतरत असे, हे त्यानेच सांगितलेलं आहे. म्हणजे हा दंडक अनुभवातून आलेला होता.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. १९८३ मध्ये, तळघरात, गाणं थांबवून तो म्हणतो : हे नियम नाहीत. पुढे ‘फुगाझी’च्या काळात, भर मैफलीत, गाणं थांबवून तो म्हणतो : हा नियम आहे, बाहेर जा. यात विसंगती आहे का? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त घातलेली रेषा इथे तंतोतंत लागू पडते. माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर बळ वापरण्याचं एकच समर्थनीय कारण म्हणजे इतरांना होणारी इजा टाळणं. त्याच्या स्वतःच्या भल्याचं कारण पुरेसं नाही. मिलच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला मेन राज्याचा १८५१ चा दारूबंदी कायदाही होता, आणि त्याने त्या धर्तीच्या कायद्यांवर त्याच पुस्तकात टीका केली आहे. माझ्या पेल्यात काय आहे हा माझा प्रश्न. माझं कोपर तुमच्या बरगडीत बसलं की तो आपला प्रश्न.

अर्थात मिलची रेषा दिसते तितकी सुबक नाही, हे आम्ही वर्गात नेहमी सांगत आलो. पिणाऱ्याच्या घरच्यांना होणारी इजा कुठल्या बाजूला धरायची, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला असेल. तो एका तबकडीने सुटत नाही. पण प्रश्न कुठल्या क्रमाने विचारावा, एवढं ती शिकवते : आधी मी काय करतो, मग तुझ्यामुळे दुसऱ्याला इजा होते का, आणि सगळ्यांत शेवटी, फार सावधपणे, तू काय करावंस.

२३ सप्टेंबर १९८३ रोजी, वॉशिंग्टनच्या ‘लॅन्सबर्ग’ सांस्कृतिक केंद्रात या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यांच्यासोबत त्याच शहरातला ‘ट्रबल फंक’ हा गो-गो संगीताचा कृष्णवर्णीय बँड आणि टेक्सासमधला ‘बिग बॉइज’ हेही वाजवले. त्यानंतर डिसेंबरमध्ये तीन गाणी मुद्रित करून मंडळी पांगली. गाणी राहिली, फुली राहिली, आणि ती काळी मेंढी तर कितीतरी ठिकाणी नक्कल होऊन झळकली.

ती नक्कल पाहिली की एक छोटीशी कसोटी लावून पाहावी, असं आम्ही सुचवतो, आणि ती केवळ या बँडपुरती नाही. कोणत्याही व्रताची, पंथाची, पक्षाची, आहाराची गोष्ट समोर आली, की त्या वाक्यात कर्ता कोण आहे ते शोधा. इंग्रजीत तो गाळून लपवता येतो. मराठीत क्रियापद तो उघड करतं, म्हणून आपण थोडे भाग्यवान. पण लपवायचं ठरवलं तर मराठीतही ‘करायला हवं’, ‘पाळलं जावं’ अशी कर्ता नसलेली वाक्यं काही कमी नाहीत. तशी वाक्यं आपल्या तोंडी आली, तर त्या विशीतल्या ड्रमरसारखं आपणच आपल्याला अडवावं आणि विचारावं, यात ‘मी’ कुठे आहे?

इथे थांबतो. पुढच्या वेळी याच धाग्याने आपण मिल आणि दारूबंदीच्या कायद्यांकडे सविस्तर वळू.